वहीतले सोळा तास

एकोणीसशे त्र्याहत्तर साली मातिना कालोयेरीदिस विद्यापीठाच्या रसायनशाळेत काचेची भांडी धुवायला लागली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. ओकली या ग्रीकांच्या वस्तीतल्या तिच्या बरोबरीच्या मुली शिवणयंत्रावर बसल्या होत्या, नाहीतर बापाच्या मासे तळायच्या दुकानात उभ्या होत्या. मातिनाला काच आवडली. धुतलेला फ्लास्क खिडकीशी धरला की तो स्वच्छ आहे की नाही हे कुणाला विचारावं लागत नसे. संध्याकाळचे वर्ग करून ती पुढे प्रयोगशाळा सहायक झाली, आणि अठ्ठेचाळिशीला पोचेतो प्रोफेसर पेंडलबरींच्या प्रयोगशाळेतला प्रत्येक पॉलिमर तिच्याच हातचा असायचा.

प्रोफेसरांचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण होतं. ज्याच्या पेशीत एखादं जनुक बिघडलेलं आहे, त्याच्या पेशीत चांगलं जनुक नेऊन ठेवायचं. पण जनुक एकटं गेलं तर वाटेतच त्याचे तुकडे होतात. म्हणून पॉलिमरच्या लांब साखळीत ते गुंडाळायचं, गाठोडं पेशीच्या आत सोडायचं आणि आत गेल्यावर ते सुटेल अशी आशा करायची. आठ-दहा वर्षं आशाच चालू होती. गाठोडं आत जायचं, पण सुटायचं नाही. नाहीतर पेशीच मरायची.

हे काम मातिना इतक्या जिवापाड का करते, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं नव्हतं.

तिचा धाकटा भाऊ लेफ्तेरिस थॅलसीमिया या रक्ताच्या आजाराचा रोगी होता. आईच्या रक्तात अर्धा दोष, बापाच्या रक्तात अर्धा. दोन्ही अर्धे लेफ्तेरिसच्या वाट्याला आले. मातिनाला एकच आला. तिला कधी काही झालं नाही, त्याला दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त लागायचं. त्या रक्तातलं लोह अंगात साठत जायचं, ते काढायला पोटाच्या कातडीखाली सुई खुपसून पंप लावायचा आणि तसंच झोपायचं. पंप आला तेव्हा लेफ्तेरिस वीस वर्षांचा होता. "बायको मिळाली बघ मला," तो म्हणायचा, "रात्रभर चिकटून असते आणि सारखी कुरकुरते." वर्षभरात त्याचं हृदय थांबलं.

त्याच्या वर्षभर आधी मातिनाचं लग्न ठरलं होतं. थानासिस नावाचा मुलगा, दुधाचं दुकान, हसरा. साखरपुड्याच्या आधी डॉक्टरांनी दोघांचं रक्त तपासलं, तर त्याच्यातही तोच अर्धा दोष निघाला. थानासिस म्हणाला, "चारांत एक मूल आजारी, म्हणतात. तिघं तर चांगली निघतील." मातिनाची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने हात पुसले आणि म्हणाली, "चारांत एक म्हणजे काय, ते आत जो झोपलाय त्याला विचार. मी एकदा केलंय. माझ्या पोरीला नको." थानासिस टोपी घेऊन गेला. नंतर स्थळं आली, पण मातिनाने कुणाला रक्त दाखवायला लावलं नाही, कारण तिथवर जाऊच दिलं नाही. बाप गेला. मायलेकी राहिल्या.

दोन हजार साली नायरी आली. न्यूझीलंडमधल्या गिस्बर्नची, एकतीस वर्षांची, डॉक्टरेट नुकतीच झालेली, तीन वर्षांच्या करारावर. ती दारातून आत येण्याआधी तिचं हसू यायचं. पहिल्याच दिवशी डबा घेऊन ती मातिनाच्या टेबलाशी येऊन बसली.

"इथे कुणी बसतं का?"

"नाही."

"आता बसतं. तुमच्यात काय आहे?"

"पालकाची पोळी."

"माझ्यात काल रात्रीचं मटण आहे. अर्धं अर्धं करू. आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला मावशी म्हणतात, मी म्हटलं तर राग नाही ना येणार?"

मातिनाला राग आला नाही. सत्तावीस वर्षांत त्या टेबलाशी तिच्याबरोबर बसून जेवणारं हे पहिलंच माणूस.

दोन हजार एक साली ग्रीकांचा ईस्टर आणि बाकीच्यांचा ईस्टर एकाच रविवारी आले. गुरुवारी दुपारी चार वाजता मातिनाने नायरीसाठी पॉलिमरची नवी खेप लावली. तेलाच्या भांड्यात फ्लास्क, नव्वद अंश, सोळा तास. सुट्टीत प्रयोगशाळा बंद असायची, पण शुक्रवारी सकाळी येऊन गॅस-विजेची बटणं बंद करायचा तिचा नेहमीचा शिरस्ता होता. त्यासाठी कुणाची परवानगी नव्हती. पेटत्या यंत्राजवळ माणूस नाही, हे नियमात बसत नव्हतंच. पण मातिना करते म्हटल्यावर कुणी बघत नसे.

घरी पोचली तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती. अंडी रंगवायचा लाल रंग ओट्यावरून तिच्या हातांवर सांडला होता, आणि क्षणभर मातिनाला ते रक्तच वाटलं. दवाखान्यात आई बोलली नाही. शनिवारी दुपारी ती गेली. रविवारी सगळी वस्ती "येशू उठला" म्हणत एकमेकांच्या गळ्यात पडत होती. मातिना पाद्र्याशी दफनाची वेळ ठरवत होती. मंगळवारी माती झाली. चर्चच्या मागच्या खोलीत तळलेले मासे, कडू कॉफी, ब्रँडीचे छोटे पेले झाले. शेजारच्या फोतिनीकाकूने तिला घरी सोडलं आणि विचारलं, "आज माझ्याकडे झोपतेस का?"

"नको काकू. सवय करायला हवी."

बुधवारी सकाळी घर खायला उठलं. तिने काळे कपडे चढवले आणि कामावर गेली.

दार उघडलं, तर आतून बारीक टकटक ऐकू आली. फ्लास्कमधला चुंबक फिरत होता. गुरुवारपासून फिरत होता. सबंध सहा दिवसांत तिला त्याची एकदाही आठवण झाली नव्हती. एरवी त्यात फिकट मधासारखं घट्ट काहीतरी दिसायचं, आता गडद आणि तेलासारखं पातळ झालं होतं. मातिनाने बटण बंद केलं आणि स्टुलावर बसली.

टाकून द्यायला हवं होतं. पण टाकलं तर का टाकलं ते सांगावं लागणार, आणि मग सुट्टीत प्रयोगशाळेत यंत्र पेटतं ठेवलं हे, मग शुक्रवारी आली नाही हे, मग आई हे. ते शेवटचं तिच्या तोंडून निघणार नव्हतं. नायरीला माल त्याच दिवशी हवा होता. मातिनाने तो धुतला, वाळवला, बाटलीत भरला. वहीत तारीख घातली आणि नेहमीप्रमाणे लिहिलं: नव्वद अंश, सोळा तास.

साखळीची लांबी मोजायचं यंत्र त्या महिन्यात दुरुस्तीला गेलं होतं. नायरीने विचारलं, "थांबू का मोजून होईपर्यंत?" प्रोफेसर म्हणाले, "मातिनाचा माल आहे. तो मोजायचा म्हणजे चर्चच्या घड्याळाशी भांडायचं."

प्रयोगात ते पेशींना काजव्याचं जनुक द्यायचे. जनुक पोचलं तर पेशी उजळते, आणि किती उजळली ते यंत्र आकड्यात सांगतं. जूनमधल्या एका सकाळी नायरी बोळातून ओरडत आली, "मावशी! चाळीस पट! आधीच्यापेक्षा चाळीस पट! आणि पेशी जिवंत आहेत, मेल्याच नाहीत!" तिने मातिनाला उचलून गर्रकन फिरवलं. मातिनाच्या पांढऱ्या कोटाखाली काळे कपडे होते. नायरीने मध्ये एकदा विचारलं होतं, "रोज काळंच का हो?" त्यावर मातिना म्हणाली होती, "धुवायला बरं पडतं."

ती खेप पेशींवर आणि मग उंदरांवर सगळीच्या सगळी संपली. पुढच्या वर्षी शोधनिबंध छापून आला. नायरीचं नाव पहिलं, प्रोफेसरांचं शेवटचं. तळाशी बारीक अक्षरांत मातिनाचे आभार.

मग जर्मनीहून एकाने लिहिलं की त्यांना तसं काही दिसत नाही. नायरीने पुन्हा करून पाहिलं, तिलाही दिसलं नाही. मातिनाने नवी खेप करून दिली, दुसरी दिली, तिसरी दिली. नायरीने स्वतःच्या हाताने केल्या. नऊ खेपा झाल्या. दर वेळी सोळा तास, दर वेळी फिकट मध, दर वेळी तोच जुना आकडा. प्रोफेसर नायरीशी दार लावून बोलायला लागले. एकदा दार नीट लागलं नव्हतं.

"नायरी, पहिल्या वेळी तू नक्की काय मोजलंस?"

"जे दिसलं ते."

"तीनदा मोजलंस?"

"पाचदा. माझ्या वह्या तुमच्याच कपाटात आहेत."

"वह्या आहेत. आकडे परत येत नाहीत, त्याचं काय करू?"

त्या दिवशी मातिना शीतगृहात काही आणायला गेली, तर नायरी तिथे खोक्यावर बसून रडत होती. चार अंश तापमानात तिच्या तोंडातून वाफ निघत होती. मातिनाला पाहून तिने बाहीने नाक पुसलं.

"मावशी, एक सांगा. त्या खेपेत काही वेगळं झालं होतं का? वहीत नाही असं? फ्लास्क वेगळा, पाणी वेगळं, काहीही. वेड्यासारखं वाटलं तरी सांगा."

मातिनाला तो सहा दिवस फिरलेला चुंबक आठवला. पण एकोणतीस वर्षं ती एकच शिकली होती, की साखळी जितकी लांब आणि जितकी निर्मळ तितका माल चांगला. करपलेला, तुटका माल चांगल्याहून चांगला निघेल, हे तिच्या बुद्धीला पटत नव्हतं. तिने स्वतःला तेवढाच आधार दिला.

"जे आहे ते वहीत आहे," ती म्हणाली.

डिसेंबरात नायरीचा करार संपला, तो वाढवला नाही. निरोपाला केक आणला होता, तो कुणी नीट कापलाही नाही. जाताना नायरीने मातिनाला मिठी मारली. "तुम्ही जेवत जा हो वेळेवर," म्हणाली.

जानेवारीत मातिना त्या टेबलाशी बसून जेवायची, तेव्हा समोरच्या खुर्चीवर कुणीतरी डबे आणि पुठ्ठे ठेवायला लागलं. तिने ते हलवले नाहीत. रविवारी आईच्या थडग्यावर दिवा लावायची, मग लेफ्तेरिसच्या. तिथे उभी असताना तिच्या मनात फ्लास्कचाच विचार चालू असायचा, आणि त्याची तिला लाज वाटायची. मेलेल्यांशी बोलायला यायचं आणि डोक्यात नव्वद अंश!

शेवटी फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी तिने फ्लास्क लावला. वर पाटी टांगली, 'हात लावू नये, मातिना', आणि रखवालदाराला रोज दोनदा बघायला सांगितलं. शुक्रवार ते मंगळवार तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. बुधवारी सकाळी आली. गडद, तेलासारखं पातळ. साखळी मोजली तर लांबी चौथा हिस्साही नव्हती. नुसते लहानमोठे तुकडे. तिने एका बाटलीवर 'अ' लिहिलं, नेहमीच्या मालाच्या बाटलीवर 'ब' लिहिलं, आणि नव्या विद्यार्थिनीला तपासायला दिलं. काय आहे ते सांगितलं नाही.

दोन दिवसांनी ती विद्यार्थिनी गोंधळलेल्या चेहऱ्याने आली. "यंत्र बिघडलंय वाटतं. 'अ'चा आकडा चाळीस पट दाखवतंय."

"यंत्र बरोबर आहे," मातिना म्हणाली.

लांब साखळी जनुकाला इतकी घट्ट आवळून बसायची की आत गेल्यावर सोडायचीच नाही. तुटक्या साखळ्यांचं गाठोडं सैल. आत गेलं की सुटायचं. इतकंच होतं ते. दहा वर्षं सगळे साखळी लांब करायच्या मागे होते.

प्रोफेसर पेंडलबरींनी सगळं ऐकून घेतलं. ते वही उघडून त्या पानाकडे बघत राहिले.

"साडेपाच दिवस?"

"हो."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही."

ते उठले, खिडकीशी गेले, परत आले. "आपण असं करू शकतो," ते हळू म्हणाले, "की नवीन निबंध लिहायचा. जास्त वेळ तापवलं तर जास्त चांगलं होतं, असा. जुन्याबद्दल बोलायचंच नाही. तुझ्यावरही काही येणार नाही."

"आणि नायरी?"

"नायरी गेली, मातिना."

"गेली नाही. तुम्ही आणि मी घालवली. ती खरं बोलत होती."

प्रोफेसर खुर्चीत बसले. वही मिटून म्हणाले, "मी मोजायला हवं होतं. यंत्र आल्यावर चिमूटभर मोजलं असतं तरी कळलं असतं." मग त्यांनी विचारलं, "त्या आठवड्यात झालं काय होतं? तू तर कधी विसरत नाहीस."

"आई वारली."

"दोन वर्षं झाली. तू बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही सुट्टी दिली असती. सुट्टी घेऊन मी जाणार कुठे?"

कार्यालयाकडून मातिनाला लेखी ताकीद मिळाली. पेटतं यंत्र सोडून जाणं आणि वहीत खोटी नोंद, अशी दोन कलमं. तिने सही केली. प्रोफेसरांनी दुरुस्तीचं टिपण लिहायला घेतलं, आणि मातिनाने नायरीला पत्र. पाच कागद फाडले. सहाव्यावर फक्त झालं ते लिहिलं, दिवसवार. माफी शेवटी एका ओळीत मागितली, कारण तिला वाटलं, आधी मागितली तर नायरी पुढचं वाचायची नाही.

उत्तर सात आठवड्यांनी आलं. नायरी गिस्बर्नच्या शाळेत विज्ञान शिकवत होती.

"मावशी, पत्र तीनदा वाचलं. तुमची आई गेली आणि मी दोनच महिन्यांनी तुम्हाला उचलून नाचत होते, हे वाचून मला कसंतरी झालं. त्याचं वाईट वाटतं. पण शीतगृहात मी तुम्हाला विचारलं होतं. त्यानंतर मी स्वतःच्या हातांवरचा भरवसा सोडला. घरी चहा करताना साखर दोनदा मोजायला लागले. ते मला विसरता येत नाही, आणि येतं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

आता सांगा: फ्लास्कला बूच घट्ट होतं की सैल? त्या सहा दिवसांत पाऊस होता का? हवेतली ओल आत गेली असेल तर साखळी नुसत्या उष्णतेने तुटलेली नाही, पाण्याने तुटलेली आहे. म्हणजे सहा दिवस लागणारच नाहीत, दोन थेंब पाणी घालून एका दिवसात होईल. करून बघा."

मातिनाने करून बघितलं. तीन थेंब लागले, आणि दीड दिवस. तिने चार पानी उत्तर पाठवलं, आकडे, तापमान, रंग, सगळं. त्यावर नायरीचं काही आलं नाही. मातिना महिनाभर टपालपेटी दिवसातून दोनदा उघडायची, मग एकदा, मग पेपरवाल्यांच्या जाहिराती साठल्या की.

दुरुस्तीचं टिपण हिवाळ्यात छापून आलं. एकच पान. मूळ निबंधातली तापवण्याची वेळ चुकीची होती, ती साडेपाच दिवस अशी वाचावी. त्यातले मोजमापाचे सगळे आकडे बरोबर आहेत. पाण्याची सूचना डॉ. नायरी तामाहोरी यांची. आणि वर लेखकांत तीन नावं. तिसरं मातिनाचं. तीस वर्षं काम करून नाव पहिल्यांदा छापलं, ते दुरुस्तीच्या पानावर.

ते पान पिशवीत घालून ती घरी आली. घरात दाखवायला कुणी नव्हतं. ओट्याजवळ उभी राहून तिने ते स्वतःच एकदा वाचलं, मग कोट न काढताच शेजारी गेली. फोतिनीकाकू मसूर निवडत होती. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण मातिनाच्या आडनावाची अक्षरं ती बरोबर ओळखायची.

"हे तुझं नाव! छापून आलं! देवा, तुझी आई असती तर सगळ्या गल्लीला वडी वाटली असती."

"काकू, हे चांगल्यासाठी नाही आलेलं. मी चूक केली, म्हणून आलंय."

"चूक केली म्हणून नाव छापतात?"

"हो."

"मग आपल्या ओकलीचं रोज एक वर्तमानपत्र निघायला हवं," काकू म्हणाली. तिने पान परत मातिनाच्या हातात दिलं आणि तिचा चेहरा निरखून पाहिला. "केवढी मोठी चूक?"

मातिना सांगायला लागली. पॉलिमर काकूला कळलं नाही, जनुकही कळलं नाही. शीतगृहातल्या मुलीचं कळलं. मसूर निवडायचे थांबवून तिने ते सगळं ऐकलं, आणि मध्ये एकदाही "जाऊ दे" म्हणाली नाही. शेवटी तिने खुर्ची पुढे ओढली.

"बस. कोट काढ. मसूर शिजायला अजून वेळ आहे."

मातिनाने कोट काढून दाराच्या खुंटीला अडकवला. मग ताट पुढे ओढून ती खडे वेचायला लागली.